पप्पा, हसू आलं

माझी लेक तीन वर्षांची होती तेव्हा दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला, सलाईनच्या खोक्यांवर बसायची. नांदेडला माझं औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे त्याला सगळे मेडिकलच म्हणतात. मी चिठ्ठी वाचून गोळ्या काढत असलो की ती मध्येच माझ्या शर्टाचं टोक ओढायची आणि म्हणायची, "पप्पा, हसू आलं."

आणि मग हसायची. दहा-पंधरा सेकंद, एका मापात, खि-खि-खि-खि. चेहरा लाल व्हायचा. मग नळ बंद करावा तसं ते हसू थांबायचं आणि ती पाणी मागायची.

गिऱ्हाइकंही तिच्याबरोबर हसायची. बीपीची गोळी न्यायला दर महिन्याला येणारी एक म्हातारी म्हणायची, "मेडिकलवाले, ती गोळी राहू द्या. लेकीचं हसू द्या पुडीत बांधून. लई गुण यील."

मीही हसायचो. हसरी लेक आहे, लक्ष्मी आहे, असं म्हणायचो. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. ते हसत नसायचे. ते माझ्याकडे बघत असायचे, जिन्यावरून पाय घसरलेल्या लेकराचे असतात तसे.

फिट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. अठरा वर्षं मी मेडिकल चालवतो. फिटच्या गोळ्या न्यायला खेड्यांतून माणसं येतात. हदगावकडून येणाऱ्या एका बाईला मी कितीदा तरी सांगितलं असेल, की ताई, पोराला चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, कुशीवर झोपवा, एकही डोस चुकवू नका. फिट म्हणजे माणूस पडतो, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो, एवढं मला पाठ होतं. हसणं त्यात कुठं बसत नव्हतं.

ती चार वर्षांची व्हायला आली तेव्हा माझे सासरे वारले. सासुरवाडी लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळला. आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं निघालो आणि माती व्हायच्या आत पोचलो. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही पुरुष मंडळी घरी परतलो. अंगणात बायका बसल्या होत्या. तेवढ्यात निलंग्याकडच्या पाहुण्या बायका फाटकात आल्या आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं माझ्या बायकोच्या, सासूच्या गळ्यात पडून त्यांनी हंबरडा फोडला. सगळ्या अंगणात रडणं उठलं.

आणि त्या रडण्यात माझी लेक हसायला लागली.

आईच्या मांडीला टेकून उभी होती. खि-खि-खि-खि. एक-एक करत बायका गप्प झाल्या. तिचं हसणं तेवढं राहिलं. कुणीतरी मागून बोललं, "नांदेडला हेच शिकवतेत का लेकरांना?" दुसरी म्हणाली, "लाडावून ठिवलंय. मेलेल्याचीसुद्धा लाज न्हाई."

मी उठलो आणि तिच्या तोंडावर थापड मारली.

ती हसतच राहिली. मापही बदललं नाही. चार वर्षांचं लेकरू, गालावर बोटं उमटलेली, आणि हसतंय. मला वाटलं, ही मला सगळ्यांसमोर वेडावून दाखवतेय. मी दुसरी मारली.

सासूबाईंनी माझा हात धरला. तीन दिवस अन्नपाणी न घेतलेल्या बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक. म्हणाल्या, "मारू नका, जावईबापू. हसू आलंय तिला. ती काय करल?"

हसू थांबलं. जितका वेळ चालायचं तितकंच चाललं आणि थांबलं. माझ्या थापडांमुळं एक क्षणसुद्धा आधी नाही. मग मात्र तिला मार कळला आणि ती रडायला लागली. हुंदक्यांतून म्हणाली, "पप्पा, मी न्हाई हसले. हसू आलं."

लेकरं म्हणतात ना, मी न्हाई सांडलं, पाणी सांडलं. तसलाच बहाणा आहे, असं मला वाटलं. ताप येतो, उचकी येते, शिंक येते, तसंच आपल्या भाषेत हसूही येतं. शब्द रोजचा, कानावरून रोज जाणारा. चार वर्षांच्या मुलीनं तो नेमक्या अर्थानं वापरला होता आणि सासूबाईंना तो कळला होता. डॉक्टरांचं अक्षर वाचून पोट भरणाऱ्या मला कळला नाही.

त्यानंतर ती माझ्याजवळ येऊन "हसू आलं" म्हणाली नाही. एकदाही नाही. माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं असतं तर मी म्हणालो असतो, लागली शिस्त.

चार महिन्यांनी बालवाडीतून फोन आला. पोरगी डबा खाता खाता थांबली, टक लावून बघत राहिली आणि बाकावरून खाली घसरली. घरीही मग तसं दिसू लागलं. दिवसातून चार-पाच वेळा ती थांबायची, हाक मारली तरी ऐकायची नाही, ओठ चघळायची. नांदेडच्याच एका लहान मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलो. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायचा होता. लेक घाबरून किंचाळायला लागली म्हणून बायको तिला घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये फिरवत होती. मी एकटाच डॉक्टरबाईंसमोर बसलो होतो.

त्या एक-एक प्रश्न विचारत लिहून घेत होत्या. जन्म वेळेवर झाला का, रडली का, घरात कुणाला फिट येतात का. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "अचानक, विनाकारण रडणं किंवा हसणं असं काही होतं का?"

मला ते अंगण दिसलं.

आता मी लिहितोय ते नीट लिहायला हवं, कारण इथंच मी पुढं स्वतःला बरेच दिवस फसवलं. प्रश्न कळला नाही असं झालं नाही. घाईत विसरलो असंही नाही. प्रश्न ऐकल्याबरोबर, त्याच क्षणी, मला सगळं कळलं. खोक्यांवरचं ते एका मापातलं हसू, शर्टाचं ओढलेलं टोक, थापड बसली तरी न थांबलेला आवाज. ते दुखणं होतं, आणि दुखणं आलेल्या लेकराला मी गावासमोर मारलं होतं. डॉक्टरबाई पुढं विचारतील, कधीपासून? तुम्ही काय केलंत? मला ते सांगावं लागेल.

मी म्हणालो, "नाही. तशी हसरी आहे, एवढंच."

त्यांनी लिहिलं. पेन कागदावर सरकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आलेखात थोडा दोष दिसला. एमआरआय नॉर्मल आला. औषध सुरू झालं. दोन महिन्यांनी त्यात दुसरं मिळवलं. दोन्ही मी माझ्याच दुकानातून, माझ्या हातानं मोजून द्यायचो, घड्याळ लावून. डोस चुकू दिला नाही. मनात कुठंतरी हिशोब असा होता, की या गोळ्यांनी टक लावणं थांबेल तसं हसणंही थांबेल, मग कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही.

एका वहीत रोजच्या फिट लिहायच्या होत्या. आम्ही दोघं लिहायचो. पहिल्या महिन्यात रोज चार, पाच. तिसऱ्या महिन्यात दोन. मग एक. कधी दिवसच्या दिवस कोरा. डॉक्टरबाई वही बघून म्हणाल्या, "औषध लागू पडतंय." त्या दिवशी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजला.

दहा महिने असे गेले.

एके दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो तर बायको दारातच उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवून मला आत बोलावलं. आमच्या आतल्या खोलीत गव्हाची पत्र्याची कोठी आहे. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा. तिथं माझी लेक भिंतीकडं तोंड करून उकिडवी बसली होती. फ्रॉकचा घेर तिनं तोंडात कोंबला होता. खांदे हलत होते. दाबलेला आवाज बाहेर येत होता, खि-खि-खि, त्याच मापाचा. तो थांबला. मग ती तशीच टक लावून भिंतीकडं बघत राहिली, ओठ चघळत. मग भानावर आली. फ्रॉक तोंडातून काढला, ओला भाग हातानं पुसला आणि उठून वळली. समोर मी होतो.

तिनं दोन्ही हातांनी गाल झाकले.

बायको तिला उचलून घेऊन बाहेर गेली. लेकीला टीव्हीसमोर बसवून परत आली.

"आज सकाळधरनं चौथ्यांदा," ती म्हणाली. "मी मुद्दाम बघून राहिले. यायच्या आधी कळतंय तिला. कळलं की पळतेय कोठीमागं. आन् आपण वहीत कोरं लिहितो."

मी वही उघडून मागची कोरी पानं उलटली.

"कधीपासून, म्हणून इचारलं मी तिला. तर म्हणती, आजोबा वारले तवापासून. पप्पा मारतेत म्हणून."

"मला काय माहीत होतं…" मी म्हणालो.

"माहीत कुणालाच न्हवतं," ती म्हणाली. "पण मारलं तुम्ही."

ती खरं बोलली होती. मात्र सगळं खरं तिलाही माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

मोबाइलवर काढलेलं चित्रण घेऊन आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी ते दोनदा बघितलं. मग फाईल मागं उलटत गेल्या, पहिल्या पानापर्यंत. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"तेव्हा नव्हतं," मी म्हणालो. "आता दोन महिन्यांपासून सुरू झालं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असावं, मी दोन महिने चुकून म्हणालो. तिनं तोंड उघडलं तोवर डॉक्टरबाई बोलायला लागल्या होत्या. मेंदूच्या अगदी तळाशी, मधोमध, वाटाण्यापेक्षा लहान गाठ असू शकते, असं त्या सांगत होत्या. जन्मतःच असते. कॅन्सरची नसते, फारशी वाढत नाही. पण तिथूनच ही हसण्याची फिट उठते. नेहमीच्या एमआरआयमध्ये ती निसटू शकते. "हसण्याचं तेव्हा कळलं असतं तर मी त्याच जागेचे बारीक फोटो काढायला सांगितले असते," त्या म्हणाल्या. त्या मला दोष देत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या.

बारीक फोटो काढले. गाठ होती. अशा गाठीची फिट औषधांना सहसा दाद देत नाही आणि वय वाढेल तसा अभ्यासावर, स्वभावावर परिणाम होतो, असं सांगून त्यांनी आम्हाला हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथं आता डोकं न उघडता लेझरनं ती गाठ जाळतात.

सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जाळतेत? लेकराच्या टकुऱ्यात इस्तू घालतेत व्हय?" आणि फोनवरच रडायला लागल्या. बायकोही मनातून हबकली होती. रेल्वेत नांदेड सुटेपर्यंत ती तीनदा म्हणाली, "अजून थोडं औषध बघू या न्हाई तर." लेक खिडकीशी बसून केळं खात होती. मध्येच ती केळं टाकून आईच्या पदरात शिरली. आम्ही दोघं दुसरीकडं बघत राहिलो. वहीत तेवढी एक रेघ मारली.

हैदराबादला पाच दिवस तपासण्या चालल्या. कॅमेऱ्याखाली, तारा लावून. तिथं कोठी नव्हती, म्हणून ती उशीत तोंड खुपसायची. मग त्या सगळ्यांचा निकाल सांगायला सर्जननं आम्हाला बोलावलं. चाळिशीचा, शांत माणूस. तेलुगू बोलणारा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. लेक माझ्या मांडीवर होती. फाईल समोर होती, नांदेडची.

तो फाईल वाचून म्हणाला, की गाठ आहे, फिट तिथूनच येतात, यात शंका नाही. लेझरही करता येईल. तपासणीपुरतं औषध कमी केलं म्हणून पाच दिवस फिट आल्या; पण इथं लिहिलंय की घरी औषधानं त्या कमी होत आल्या, आणि हसण्याची फिट तर आत्ता दोन महिन्यांपूर्वी सुरू झाली. गाठीच्या अगदी शेजारून स्मरणशक्तीच्या तारा जातात. तहान, भूक, वाढ सांभाळणारी ग्रंथी तिथंच आहे. काम बारीक असलं तरी जागा नाजूक आहे. मुलगी लहान आहे. तिसरं औषध सहा महिने देऊन बघू. लागू पडतंय असं दिसत असताना मी घाई करणार नाही.

दोन महिने हे चूक आहे हे बायकोलाही माहीत होतं, पण लेझरच्या धास्तीत ती तिकडं गेलीच नाही; तिनं सुटकेचा श्वास सोडला. मला ऐकू आला. तिनं हात जोडले.

मीही सुटलो होतो. सहा महिने. कदाचित तिसरं औषध खरंच चालेल. कुणाला काही सांगावं लागणार नाही. बायको समाधानानं परत येईल, तिला हवं तेच झालं. सर्जननं पेन उघडलं आणि तिसऱ्या औषधाचं नाव लिहायला घेतलं. ते औषध माझ्या दुकानात डाव्या हाताच्या वरच्या फळीवर असतं. मी मनातल्या मनात ते काढलंसुद्धा.

तेव्हा लेक माझ्या मांडीवरून उतरली.

खोलीच्या कोपऱ्यात तपासायच्या पलंगापुढं हिरवा पडदा होता. ती घाईनं चालत गेली आणि पडद्यामागं शिरली. पडद्याखाली तिचे पाय दिसत होते, लाल सँडल. पायांची बोटं आवळलेली. सर्जन लिहीत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. बायको पर्स उघडून वही आत ठेवत होती. दाबलेला आवाज फक्त मला ऐकू येत होता. आपण लपलो की पप्पांना बरं वाटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मला बरंच वाटत होतं.

मी म्हणालो, "साब, मत लिखो."

त्यानं मान वर केली.

"दो महिने नहीं. तीन साल की थी तब से है. मैंने झूठ बोला." मग माझी हिंदी तुटक तुटक होत गेली. पण थांबलो नाही. अंगण सांगितलं. दोन थापडा सांगितल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मला कळलं होतं आणि तरी नाही म्हणालो, हे सांगितलं. फिट कमी झाल्या नाहीत साहेब, ती लपायला शिकली. वहीतले कोरे दिवस माझ्यामुळं कोरे आहेत. औषधानं काहीच झालेलं नाही. आत्ताही ती पडद्यामागं आहे, जाऊन बघा.

तो उठला आणि पडदा हळूच बाजूला केला. बघत राहिला. हसू थांबून ती टक लावायला लागली तेव्हा गुडघ्यावर बसून त्यानं तिचा हात हातात घेतला आणि घड्याळाकडं बघितलं.

बायको माझ्याकडं बघत नव्हती. ती सर्जनकडं बघत होती. आमच्या नांदेडच्या हिंदीत ती म्हणाली, "उसको हँसी आती, साब. वो हँसती नहीं."

त्यानं मान हलवली. त्या एका वाक्यानंतर त्याला माझ्याकडून आणखी काही नको होतं. परत खुर्चीत बसून त्यानं औषधाचा कागद फाडला. दोन औषधं पुऱ्या डोसनं फसली आहेत, मग थांबण्यात अर्थ नाही, असं म्हणाला. तारीख त्याच आठवड्यातली दिली. माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाला, "आज बोला, ये अच्छा हुआ."

बाहेर पॅसेजमध्ये लेक पुढं चालत होती. बायकोनं हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरबाईनं इचारलं व्हतं?"

"हाव."

"आन् मी बाहेर व्हते, लेकराला घिऊन."

"हाव."

"दहा महिने," ती म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. लागेल ते लेकीकरवी सांगायची. "पप्पाला म्हण, आधार कार्ड काढून ठिवा."

ऑपरेशनच्या सकाळी लेकीला हिरवा झगा घातला. केस फार कापले नव्हते, दोन बोटांएवढी जागाच साफ केली होती. सर्जननं आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. कवटीला एक बारीक भोक, त्यातून पेन्सिलीच्या शिसासारखी बारीक नळी, नळीत लेझरची तार. एमआरआयच्या आतच हे काम चालतं. कितपत ऊब पोचली ते पडद्यावर दिसत राहतं, शेजारची जागा तापायला लागली की तिथंच थांबतात. वर एक टाका. चित्र सोपं होतं. धोक्यांची यादी चित्राच्या खाली होती. तिच्यावर सही माझी आहे.

लेकीनं आईला विचारलं, "मम्मी, माझं हसू काढून टाकणार का?"

"येणारं काढतेत," बायको म्हणाली. "तुझं तुला ठिवतेत."

आपलं म्हणून तिचं काही हसू आहे का, हे मला माहीत नव्हतं. मी आठवून बघितलं. त्या अंगणानंतर ती माझ्यासमोर मनापासून कधी हसली? कार्टून बघताना, गुदगुल्या केल्यावर? एकही दिवस आठवला नाही. लेकीनं माझ्यापुरतं हसणंच बंद करून टाकलं होतं. येणारं आणि आपलं, दोन्ही.

आठ वाजता तिला नेलं. आम्ही हॉलमध्ये बसलो. बायको एक खुर्ची सोडून बसली. मांडीवर लेकीचे लाल सँडल, दोन्ही हातांनी धरलेले. दहा वाजले. अकरा वाजले. भिंतीवरच्या पाटीवर पेशंटचे नंबर सरकत होते, तिचा नंबर तिथंच होता. सासूबाईंचा फोन आला. मी उचलला.

"चहा घेतला का, जावईबापू?"

मी त्यांनाही सांगितलं. सगळं, त्या खोलीत सांगितलं तेवढंच. मग त्या म्हणाल्या, "मी म्हणलं न्हवतं का? हसू आलंय तिला, म्हणलं व्हतं." त्यात चीड नव्हती. मग म्हणाल्या, "आता मला सांगत बसू नका. लेकराकडं बघा. चहा घ्या."

मी दोन चहा आणले. बायकोनं तिचा घेतला, पण प्यायला नाही. थोड्या वेळानं समोर बघतच ती म्हणाली, "तिला काही झालं तर मी तुम्हाला न्हाई सोडणार." चार दिवसांत मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"हाव," मी म्हणालो.

एक वाजून गेल्यावर सर्जन आला. टोपी काढत होता. गाठ पूर्ण जळाली, शेजारी उष्णता गेली नाही, असं म्हणाला. आता जागी होऊ दे. बायको उभी राहिली आणि एक सँडल खाली पडला. मी तो उचलून दिला.

जागी झाल्यावर तिनं आधी पाणी मागितलं. आम्ही दोघांनी नर्सकडं बघितलं, कारण ग्रंथीला धक्का लागला तर तहान वाढते हे त्यांनी सांगितलं होतं. दोन दिवस ती किती पाणी पिते आणि किती लघवी होते ते मापून लिहायचं होतं. रक्तातल्या मिठाची तपासणी चालू होती. आकडे ठीक येत गेले. तिला सगळं आठवत होतं, आजीचं गाव, बालवाडीतल्या बाई, कोठीसुद्धा. तिसऱ्या दिवशी सोडलं. डोक्यावर एक टाका, त्यावर बोटाएवढी पट्टी. गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. लगेच काही ठरवू नका, वर्षभर लक्ष ठेवा, असं सर्जन म्हणाला.

घरी आल्यावर पहिलं काम मी केलं ते कोठी मागं ढकलून भिंतीला चिकटवायचं. मग लाज वाटली आणि परत होती तिथं सरकवली. लपायची जागा बंद करून काय होणार होतं?

नवी वही केली. पहिला आठवडा कोरा. मी विश्वास ठेवला नाही. मी दुकान भाच्यावर सोडून घरी बसून राहायचो आणि ती खोलीतून खोलीत गेली की मागं जायचो. दुसरा आठवडा. तिसरा. डॉक्टरबाईंना जाऊन भेटलो. त्यांच्यासमोरही सांगितलं. त्यांनी फाईलमधली ती ओळ खोडली, शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि मला "बसा" म्हणाल्या. बस्स, एवढंच. मला त्यापेक्षा जास्त हवं होतं. त्यांनी दिलं नाही, आणि बरोबर केलं.

सहाव्या आठवड्यात सासूबाई राहायला आल्या होत्या. सकाळची वेळ. त्या बाहेरच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या, लेक समोर बसली होती. मी आत स्वयंपाकघरात गोळ्यांची डबी भरत होतो, बायको ओट्यापाशी.

बाहेरून हसण्याचा आवाज आला.

बायकोच्या हातातला चमचा थांबला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी मनगट वर केलं, सेकंदकाट्याकडं बघितलं आणि बाहेर गेलो. पाच. सात.

सासूबाई शेंग हातात धरून बसल्या जागी झोपल्या होत्या आणि घोरत होत्या. लेक त्यांच्याकडं बघून हसत होती. मी मोजत होतो आणि मोजता मोजता कानात काहीतरी वेगळं पडत होतं. माप नव्हतं त्याला. मध्येच थांबायचं, सासूबाईंनी श्वास ओढला की परत फुटायचं, वर जायचं, चिरकायचं. डोळ्यांत पाणी होतं आणि डोळेही हसत होते. पंधरा झाले, वीस झाले, थांबेना.

तिनं मला बघितलं. माझं वर धरलेलं मनगट बघितलं. तिचा हात झटकन तोंडावर गेला.

"न्हाई पप्पा," हाताच्या आडून ती घाईघाईनं म्हणाली, "हसू न्हाई आलं. मी हसले. आजी घोरून राहिली."

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. "कोण घोरून राहिलं गं? मी का? मी शेंगा सोलून राहिले!"

बायको दारात येऊन उभी होती. ती हसली. लेकही पुन्हा हसली, पण हात तोंडावरच ठेवून.

त्याला आता पाच महिने झाले. वही कोरीच आहे, आणि आता मी तिच्यावर विश्वास ठेवायला शिकतोय. तो हात मात्र अजून जातो. हसू फुटलं की आधी हात तोंडावर, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकदा माझ्याकडं. सर्जननं जे जाळायचं ते नेमकं जाळलं. हे तिथं नव्हतं. मी घड्याळ काढून ठेवलंय आणि ती हसली की तिच्यासमोर जमिनीवर बसतो, दोन्ही हात मांडीखाली घालून.